फसलेल्या प्रयोगांची तिसरी वही

१

कपाटात तिसरी वही नव्हती.

पहिली होती, दुसरी होती, चौथी-पाचवी-सहावी एकमेकींना टेकून उभ्या होत्या. मधली जागा तेवढी रिकामी. भिंगबाईंनी आत हात घालून चाचपून पाहिलं, खालची फळी पाहिली, वाकून कपाटामागे पाहिलं. कमरेत कळ आली तेव्हा त्या सरळ झाल्या.

"अगं, इथंच असेल कुठेतरी. वहीला काय पाय फुटलेत?"

"मावशी, मी काल दुपारपासून शोधतेय," संपादकताई म्हणाली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

आता एका वहीसाठी एवढा जीव का टाकायचा, ते आधी सांगायला हवं. बेचाळीस वर्षं चाललेलं मुलांचं विज्ञान मासिक या महिन्यात बंद होणार होतं. कारणं काय, ती सगळ्यांना माहीत आहेत, उगाळण्यात अर्थ नाही. ताईच्या वडिलांनी ते काढलं होतं. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. मासिकात आकाशातल्या ताऱ्यांपासून मुंगीच्या मिशांपर्यंत सगळं असायचं, पण मुलं आधी उघडायची ते शेवटचं पान, 'रिकामे उद्योग'. दर महिन्याला एक प्रयोग, घरातल्याच वस्तूंनी करायचा. आणि सरांचा नियम असा की टपाल विभागातल्या 'ढसाहेबां'ना जमल्याशिवाय एकही प्रयोग छापायचा नाही. ढसाहेबांना शाळेत विज्ञानात कधी काठावरच्या वर मार्क पडले नव्हते. "यांना जमलं म्हणजे जगातल्या कुठल्याही पोराला जमेल," सर म्हणायचे आणि ढसाहेब स्वतः सगळ्यात मोठ्यानं हसायचे. प्रयोग जमला की ते आपल्या खणातून गाढवाच्या तोंडाचा एक ठसा काढून छापखान्यात पाठवायचे. पानाच्या कोपऱ्यात ते गाढव दिसलं की समजायचं, आमच्या ढनं करून पाहिलाय.

जमलेलं, फसलेलं, सगळं ते वहीत लिहायचे. फसलेलंच जास्त असायचं, म्हणून नाव पडलं फसलेल्या प्रयोगांची वही. सात-सात वर्षांची एक, अशा सहा. शेवटच्या अंकाची मधली सोळा पानं या वह्यांमधूनच करायची होती.

"उद्या दुपारी बारापर्यंत पानं छापखान्यात गेली नाहीत तर अंक तसाच निघेल. मधे कोरा," ताई म्हणाली. "आणि दुसरं म्हणजे... मावशी, गेल्याच आठवड्यात ढकाकांनी या वह्या घरी न्यायला मागितल्या होत्या. आठवण म्हणून. मी नाही म्हटलं, त्या संग्रहालयाला द्यायच्यात. विश्वस्तांना हे माहीत आहे. उद्या ते येतील तेव्हा पहिलं बोट कुणाकडे जाईल, सांगा."

भिंगबाईंनी कपाटाचं दार लावलं. त्यांनी इथं अठ्ठावीस वर्षं मुद्रितं तपासली होती. हातात भिंग, कानामागे लाल पेन्सिल. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्या एकच गोष्ट मिरवायच्या, की आपल्या मासिकात चूक छापून गेली नाही. त्यांची वकील लेक फोनवर चिडवायचीसुद्धा, "हो, तुझं मासिक म्हणजे वेदवाक्य!" चिडवण्यात थोडा आंबटपणा असायचा. बाईंनी तो कधी चाखून पाहिला नव्हता.

आणि आता त्याच मासिकाचा शेवट चोरीनं व्हायचा? चाळीस वर्षं वेष्टनं चिकटवणारा भला माणूस चोर म्हणून बाहेर पडायचा? छे! बाईंनी पदर खोचला.

"किल्ली कुठे असते?"

"दारामागच्या खिळ्याला."

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक. आत्ता कार्यालयात कोण कोण उरलंय?"

"मी, ढकाका आणि चित्रकारकाका. बस्स."

२

ढसाहेब टपालाच्या खोलीत शेवटच्या अंकाच्या वेष्टनांवर पत्ते चिकटवत होते. मागच्या भिंतीला वर्गणीदारांच्या लाल कापडी नोंदवह्यांची रांग. बाईंना पाहताच त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, फडक्यानं पुसलं. हे स्टूल बाईंचंच. दुपारचा चहा वर्षानुवर्षं त्यांनी इथं बसून घेतला होता.

"वहीचं कळलं ना?"

"कळलं." ढसाहेबांनी बोटाचा डिंक कागदाला पुसला. "बाई, मी मागितल्या होत्या, खोटं कशाला बोलू? पण मागितल्या म्हणजे काय उचलल्या?"

"मी कुठं म्हटलं तसं? मला तुमची आठवण हवीय. तिसऱ्या वहीत काय काय होतं, सांगता येईल?"

ढसाहेबांचा चेहरा उजळला. हा माणूस घराची किल्ली विसरेल, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधेल, पण प्रयोग विसरणार नाही. बाईंनी पेन्सिल काढली आणि ते सांगत गेले. पंधराव्या वर्षापासून एकविसाव्यापर्यंत, महिन्यामागून महिना. कुठल्या प्रयोगात टेबलक्लॉथ जळला, कुठल्यात शाईची बाटली फुटून सरांची पांढरी पॅन्ट निळी झाली, सगळं हातवारे करून. "सोळाव्या वर्षी जानेवारीत बाटलीतलं कारंजं. फेब्रुवारीत दोऱ्याचा टेलिफोन. मार्चमध्ये पाणी न सांडणारा उलटा ग्लास, तो चार वेळा माझ्याच मांडीवर सांडला. एप्रिलमध्ये खोक्यातल्या भूलभुलैयातून उजेडाकडे जाणारा वेल. जूनमध्ये साबणावर पळणारी होडी..."

दोन कप चहा झाला, चारचे पाच वाजले. बाई हसून हसून दमल्या. केवढे दिवस होते ते! टेबलावर बेडकाची बरणी, खिडकीत पाऊसमापक, आणि सगळ्या इमारतीत जळक्या रबराचा वास. बाईंना भरून आलं. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

उठताना त्या म्हणाल्या, "काळजी करू नका. वही मी शोधून काढणार."

ढसाहेबांनी मान वर केली नाही. "नाही सापडली तरी चालेल, बाई," ते म्हणाले. "आता कुणाला काय फरक पडतो?"

बाई दारातच थबकल्या. ज्या माणसाचं आयुष्य त्या वहीत होतं, तो असं म्हणतो?

३

चित्रकार सत्तरीचे, आणि नाकावर माशी बसू न देणारे. खोली आवरता आवरता जुन्या ब्रशांशी भांडत होते.

"माझ्यावर संशय आहे ना? असणारच! त्या वहीत माझ्या सहा पायांच्या कोळ्याची चेष्टा केलीय. 'चित्रकारांनी कोळ्याचे दोन पाय खाल्ले', असं लिहून ठेवलंय तुमच्या ढसाहेबांनी. आता शेवटच्या अंकात ते छापणार. म्हणजे उभ्या जन्मात मी तेवढाच कोळी काढला!"

"तो कोळी कोणत्या वर्षी?"

"दहाव्या. मी नवाच होतो हो. घाईत काढला."

दहावं वर्ष म्हणजे दुसरी वही. ती कपाटात होती. बाईंनी जाऊन पाहिली. कोळी होता, दोन पाय खाल्ल्याची नोंदही होती. यांना राग काढायचा असता तर ही वही गेली असती, तिसरी नव्हे. चित्रकार यादीतून सुटले.

शिवाय आठवण म्हणून कुणी नेली म्हणावं, तर पहिली नेली असती, नाहीतर सगळ्या. मधलीच एक उचलणाऱ्याला वही नको होती. त्याला त्या सात वर्षांतलं काहीतरी कुणाच्या नजरेला पडू द्यायचं नव्हतं.

बाई ताईकडे गेल्या. "तू सोळा पानं निवडली होतीस ना? तिसरीतली कोणती?"

"पाच होती. चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या. उलटा ग्लास, शाईची बाटली, जळलेला टेबलक्लॉथ, वेल..."

"आणि पाचवं?"

ताई टेबलावरचे कागद उगाचच जुळवू लागली. "पाचवं आत्ता नाही आठवत, मावशी."

कालपर्यंत निवडत होती आणि आज आठवत नाही? बाईंनी तिला लहानपणापासून पाहिलं होतं. खोटं बोलताना ती तेव्हाही असेच कागद जुळवायची.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बाई वाचनखोलीत सात बांधीव खंड घेऊन बसल्या. वही नसली म्हणून काय झालं? त्यात जे जमलं ते अंकात छापलेलं होतंच.

इथं बाईंची एक खोड सांगायला हवी. मुद्रितं त्या डोळ्यांत तेल घालून वाचायच्या, पण छापून आलेला अंक कधी उघडायच्या नाहीत. छापल्यावर चूक दिसली तर करणार काय? नुसता जिवाला घोर. त्यांच्याकडे यायचे ते मजकुराचे लांब कागद. चित्रं आणि ठसे त्यानंतर छापखान्यात बसायचे. म्हणजे ज्या मासिकावर त्यांनी अठ्ठावीस वर्षं जीव लावला, त्याची पूर्ण पानं त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. बघताना त्यांना स्वतःचीच गंमत वाटली आणि थोडं वाईटही वाटलं.

पंधरावं वर्ष. बारा अंक, बारा गाढवं. सोळावं वर्ष. जानेवारी, गाढव. फेब्रुवारी, गाढव. मार्च, एप्रिल...

मे महिन्याच्या पानावर बाईंनी भिंग धरलं. उजवा कोपरा पाहिला, डावा पाहिला. गाढव नव्हतं.

प्रयोग होता लिंबाच्या विजेचा. लिंबात तांब्याची तार आणि जस्ताची पट्टी खुपसा, तारा जोडा, विजेरीचा बल्ब पेटेल. मुखपृष्ठावरही तेच, पिवळ्याधमक लिंबावर झगझगीत पेटलेला बल्ब. चित्रकारांनी काढलेल्या चित्रांत इतकं देखणं दुसरं नसेल.

बाईंनी भिंग खाली ठेवलं.

हा अंक त्यांना आठवत होता, पण छापलेला नव्हे. घरातला. त्या सुट्टीत त्यांची लेक दहा वर्षांची होती. दिवसभर जमिनीवर बसून लिंबात तारा खुपसायची आणि बल्ब काही पेटायचा नाही. रडत आली तेव्हा बाई तिला म्हणाल्या होत्या, "आमच्या मासिकात चूक नसते. मी स्वतः वाचलंय. तूच कुठेतरी चुकतेस. पुन्हा कर." पोरीनं पुन्हा केला, पुन्हा केला आणि सुट्टी संपताना तारा गुंडाळून ठेवल्या. "मला विज्ञान जमत नाही," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं या मासिकाला हात लावला नाही.

बाईंनी उरलेली पाच वर्षं झपाट्यानं पाहिली. चौऱ्याऐंशी पानांत गाढवं त्र्याऐंशी. मग कालचा कागद काढला. सोळावं वर्ष. एप्रिल, वेल. त्याखाली जून, होडी. ढसाहेबांनी मे महिना गाळला होता.

५

"पाचवं पान लिंबाचं होतं," बाई ताईच्या खोलीत शिरत म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलंच.

ताई खुर्चीत मागे टेकली. मग हळूच म्हणाली, "हो. वह्या चाळताना सापडलं. ढकाकांनी तीन दिवस करून पाहिला होता, नाहीच पेटला. पण मुखपृष्ठ आधीच छापून झालं होतं. बाबा म्हणाले असतील, जाऊ दे. इतकी वर्षं ते बाबांनी कुणाला कळू दिलं नाही, मावशी. मला ते छापायचं होतं. सोळाव्या पानावर, माफी म्हणून. पण आधी कुणाला सांगायची हिंमत होत नव्हती."

"म्हणजे चिठ्ठी तूच लावलीस."

"मीच."

"मग वही तू नेली नाहीस. वडिलांची चूक लपवायची असती तर तू ते पान निवडलंच नसतंस."

आता एकच माणूस उरला. पण गणित काही सुटेना. त्या पानावर अब्रू जात होती सरांची. मान राहत होता तो फक्त ढसाहेबांचा. त्यांनी ठसा दिला नव्हता. सगळ्या इमारतीत खरं वागलेला तेवढा एकच माणूस, आणि त्यानंच आपल्या खरेपणाचा पुरावा लपवायचा?

"या सोळा पानांची मुद्रितं कोण वाचणार होतं गं?" बाईंनी सहज विचारलं.

"तुम्हीच की! सोमवारीच मी ढकाकांना म्हटलं, शेवटचा अंक मावशींच्या नजरेखालूनच जाणार."

बाई टपालाच्या खोलीकडे निघाल्या. अकरा वाजले होते.

६

"ढसाहेब, मे महिना राहिला," बाई म्हणाल्या.

त्यांचा हात डिंकाच्या डब्यावर थांबला. मग ते उठले, मागच्या रांगेतल्या लाल नोंदवह्यांमधून तिसरी वही बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. कापड तेच, जाडी तीच. बाई काल तासभर तिच्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

"इथं तुमचाच मान आहे. लपवलीत कशाला?"

"तुम्ही वाचणार होता म्हणून." ढसाहेबांनी डब्याचं झाकण लावलं. "त्या उन्हाळ्यात तुम्ही याच स्टुलावर बसून मला सांगितलं होतंत, पोरगी रडतेय, तिला काही केल्या जमत नाही, माझीच लेक अशी कशी हो. आठवतं? मी समोर चहा पीत होतो. मला माहीत होतं, तो बल्ब कुणालाच पेटवता येणार नाही. लिंबातली वीज खरी आहे, होकायंत्राची सुई हलते तिनं. पण बल्बला ती पुरत नाही. एक वाक्य बोलायचं होतं मला. सरांनी शपथ घातली होती, म्हणून मूग गिळून बसलो. नंतर दोनशेवर मुलांची पत्रं आली, बल्ब पेटत नाही म्हणून. सर्वांना छापील कार्ड गेलं, 'तारा घट्ट जोडून पुन्हा करा'. पत्ते मी लिहिले, तिकिटं मी चिकटवली."

"सव्वीस वर्षं!" बाई ओरडल्याच. "सव्वीस वर्षं तुम्ही माझ्यासमोर चहा प्यायलात!"

"हो."

"मी माझ्या पोरीला खोटं पाडलं, ढसाहेब. तुमच्या मासिकासाठी!"

ढसाहेब रडायला लागले. म्हातारा माणूस, डिंकाच्या हातांनी डोळे पुसायला गेला आणि पापण्या चिकटल्या. बाईंना संताप आला होता, तरी त्यांनी पर्समधला रुमाल ओला करून त्यांच्या हातात दिला.

"पान फाडून टाका," ते म्हणाले. "कुणाला कळणार नाही. तुमचं नाव राहील, सरांचंही राहील."

बाईंनी वही उघडली. ढसाहेबांचं गिचमिड अक्षर. 'लिंबू एक, मग दोन, मग सहा. बल्ब पेटला नाही. छापू नये.' शेवटचे दोन शब्द खालून दोनदा रेघ मारलेले.

त्यांनी फोन उचलला. लेक न्यायालयाच्या आवारात होती, मागे गलका ऐकू येत होता.

"आई? यावेळी? काय झालं?"

"तुला एक वाचून दाखवायचंय. ऐक." आणि बाईंनी ती नोंद वाचली, मग ताईनं सांगितलेलं सांगितलं, कार्डांचं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तू चुकली नव्हतीस गं. मी चुकले. न बघता तुला चूक ठरवलं."

पलीकडचा गलका कमी झाला, ती कुठेतरी बाजूला गेली असावी.

"त्यांनी किती लिंबं लावली म्हणालीस?"

"सहा."

"मी बारा लावली होती."

"बारा? घरात एवढी लिंबं कुठली?"

"मागच्या गल्लीत झाड होतं. भिंतीवर चढून तोडली. तुला कशाला सांगतेय?" ती हसली, पण हसू मधेच अडकलं. "बाराही एकामागे एक जोडली होती, आई. तारा घट्ट होत्या. मी प्रत्येक तार ओढून पाहिली होती."

"माहीत आहे."

"तुला नव्हतं माहीत."

"नव्हतं," बाई म्हणाल्या. "आज कळलं."

"मग तेही लिहून ठेव तिथं. त्यांच्या खाली. नुसत्या सहावर थांबू नका."

दारात ताई उभी होती. घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. बाईंनी ढसाहेबांपुढे हात केला, त्यांनी आपलं पेन दिलं. ज्या वहीत आजवर दुसऱ्या कुणाचं अक्षर उमटलं नव्हतं, तिच्यात बाईंनी दोन ओळी लिहिल्या.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाच बघू."

बाईंनी चष्मा पुसला. "'मुलगी, वय दहा. बारा लिंबं. बल्ब पेटला नाही. प्रयोग बरोबर केला होता.'"

फोनमध्ये नाक ओढल्यासारखं झालं.

"पुन्हा वाच," लेक म्हणाली.